मारोती धकातेच्या दोन बायका

कामठी रोडवरच्या कापड मिलच्या ऑफिसात यमुताईंनी सव्वीस वर्षं काढली होती, आणि एवढी वर्षं एका ऑफिसात काढलेल्या माणसाला कशाचंही नवल वाटायचं बंद होतं. साहेब आले नि गेले, संप झाले, एकदा तर छताचा पंखा निखळून आनंदरावांच्या टेबलावर येऊन पडला. यमुताईंनी मान वर केली, आनंदराव जिवंत आहेत एवढं पाहिलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली. अशी ही बाई सत्त्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात एका डब्यापुढे तोंडात बोट घालून उभी राहिली, हे कोणाला सांगून पटलं नसतं. पण झालं तसंच.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. तो आला त्या दिवशी नारळ फुटला, आनंदरावांनी त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं, आणि ज्यानं तो मांडला त्या कृष्णकांतानं ते निमूटपणे रुमालानं पुसून काढलं. कृष्णकांत महाल भागातला, मुंबईला दोन वर्षं शिकून आलेला, कमी बोलणारा माणूस. खोलीला थंड हवेचं मशीन बसलं, दाराशी चपला काढायची पाटी लागली. देवघरातसुद्धा एवढं सोवळं नसतं, असं यमुताई पहिल्या दिवशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्यांत आधी चपला काढून आत गेल्या.

त्या काय पाहून भारावल्या ते कळायला आधीची तऱ्हा सांगायला पाहिजे. मिलमध्ये नवा माणूस लागला की त्याचा एक फॉर्म भरला जायचा. फॉर्म एक, पण रजिस्टरं तीन, आणि तीन रजिस्टरं तीन खोल्यांत. पहिल्यात कामगाराचं नाव. दुसऱ्यात त्याची बायकोपोरं, हे यमुताईंकडे. तिसऱ्यात नॉमिनी, म्हणजे उद्या त्याचं बरंवाईट झालं तर त्याच्या जागेवर हक्क कोणाचा; हे आनंदरावांच्या कपाटात, कुलपाखाली, लाल फडक्यात. पहिल्या रजिस्टरात माणूस चढल्याशिवाय त्याला नंबर मिळायचा नाही, आणि नंबर कळल्याशिवाय त्याचं घरदार पुढे चढायचं नाही. तो नंबर चिठ्ठीवर लिहून धोंडबा शिपाई या खोलीतून त्या खोलीत न्यायचा. धोंडबाला वाटेत चहा लागायचा. चिठ्ठी चहावाल्याकडे राहायची, आणि कोणाची पोरं बापाशिवाय तर कोणाचा बाप पोरांशिवाय वर्षानुवर्षं तसाच पडून राहायचा. यमुताई अशा नोंदींना 'अर्धी घरं' म्हणायच्या. त्यांच्या हिशेबी मिलमध्ये तीनशेच्या वर अर्धी घरं होती, आणि हे असंच चालायचं, यावर त्यांची पक्की श्रद्धा बसली होती.

कृष्णकांतानं त्यांना डब्यापुढे बसवलं. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, सगळी इंग्रजी. वर कामगाराची जागा, तिच्याखाली बायकोपोरांच्या ओळी, अगदी तळाशी नॉमिनी.

"सगळं एकाच पानावर?" यमुताईंनी विचारलं.

"एकाच."

"आणि नंबर? तो कोण आणून देणार?"

"कोणी नाही. तुम्ही नुसतं घर भरा."

यमुताईंनी एकेका बोटानं अक्षरं शोधत एक घर भरलं. बाप, आई, दोन मुली. कृष्णकांतानं दाखवलेलं बटण दाबलं. डब्यात काहीतरी कुरकुरलं आणि बापापुढे नंबर उमटला, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तोच नंबर आईपुढे, पहिल्या मुलीपुढे, दुसऱ्या मुलीपुढे. ना चिठ्ठी, ना धोंडबा. ज्या कामाला त्यांच्या हयातीत कधी आठवडा तर कधी नऊ वर्षं लागली होती, ते काम झालं होतं. यमुताईंच्या अंगावर खरोखर काटा आला.

"आता मुद्दाम चुका," कृष्णकांत म्हणाला. "एका मुलीचं जन्मसाल गाळा."

त्यांनी दुसरं घर भरलं, धाकटीचं साल गाळलं, बटण दाबलं. डब्यानं पीं केलं आणि घर आत घेतलं नाही.

"बापाला तरी घेतलं का यानं?"

"नाही."

"एका पोरीचं साल नाही म्हणून आईबापालाही दाराबाहेर ठेवलं?"

"घेतलं तर अख्खं घर, नाहीतर कोणीच नाही," कृष्णकांत म्हणाला. "असंच बांधलंय ते. अर्धं काही राहूच शकत नाही."

यमुताई बराच वेळ त्या काचेकडे पाहत राहिल्या. माणसाला जे सुचलं नाही, सव्वीस वर्षांत त्यांना स्वतःला जे सुचलं नाही, ते या निर्जीव वस्तूच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांनी नकळत हात जोडले, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. आनंदरावांनी पाहिलं होतं. "गाडगेभर अक्कल असन त्यात," ते दारातून म्हणाले, "पण माह्या कपाटाची चाबी त्याले भेटणार नाही." आणि निघून गेले.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, सत्यवती धकाते आली. ती दर महिन्याला यायची आणि यमुताईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायची. पाचपावलीत राहायची. तिचा नवरा मारोती धकाते मिलमध्ये अठरा वर्षं मागावर होता. मागच्या श्रावणात काविळीनं आठ दिवसांत गेला. पदरी तीन लेकरं. मिलचा कायदा असा की कामगार गेला तर वर्षभराच्या आत त्याच्या घरच्या माणसाला जागा मिळते, बाई असली तर वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर. सत्यवतीनं अर्ज केला, आणि पंधरा दिवसांत तिला उत्तर गेलं : 'मयत कामगारास दोन पत्न्या असल्याचे दिसते. दुसऱ्या पत्नीचे संमतिपत्र आणावे.'

त्याचं झालं होतं असं. यमुताईंच्या रजिस्टरात मारोतीची पत्नी म्हणून सत्यवतीचं नाव होतं. आनंदरावांच्या रजिस्टरात नॉमिनी होती तीही पत्नीच, पण नाव दुसरं. आनंदरावांनी दोन्ही ताडून पाहिली आणि शेरा मारला. ते दुसरं नाव काय, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही, यमुताईंनासुद्धा नाही. पूर्वी एकदा नॉमिनीचं नाव फुटलं म्हणून दोन सख्ख्या भावांची डोकी फुटली होती, तेव्हापासून ताकास तूर लागू न देणं हा आनंदरावांचा धर्म झाला होता. सत्यवती पहिल्यांदा आली तेव्हा कपाटाशी उभी राहून भांडली होती. "असं होऊच शकत नाही साहेब. ते मिलमधून घरी अन् घरून मिलमध्ये. दुसरी कोठून आणतीन?" आनंदराव म्हणाले होते, "कागद खोटं बोलत नाही, बाई."

पुढच्या खेपांना ती भांडेनाशी झाली. नुसती बसायची. सासू-सासरे कधीचेच वारले होते, माहेरी आईबाप उरले नव्हते, विचारणार कोणाला? आणि या शुक्रवारी यमुताई पाणी प्यायला बाहेर आल्या तेव्हा तिनं खाली मान घालून विचारलं, "ताई, एक सांगा जी. तिले लेकरं हायेत का?"

"कोणाला गं?"

"तिलेच. त्यायच्या दुसरीले."

यमुताईंच्या हातातला पेला हातातच राहिला. सात महिन्यांत या बाईनं नवऱ्यावरचा विश्वास थेंबाथेंबानं गमावला होता, आणि तो तिच्याकडून काढून घेतला होता त्यांच्याच ऑफिसानं. यमुताईंना स्वतःची आणि त्या कपाटाची चीड आली. उद्याच्या शनिवारी वर्षअखेरची यादी साहेबांकडे जाणार होती. वाइंडिंगची एकच जागा उरली होती, आणि यादी गेली की मारोतीच्या जागी दुसराच कोणी भरला जाणार होता.

त्या तशाच कृष्णकांताकडे गेल्या. "आज धकात्यांचं घर भरायचं. फॉर्मवर सगळं लागतं ना? नॉमिनीसुद्धा?"

"नॉमिनीशिवाय तो घेणारच नाही."

"मग आनंदरावांना बोलवा. रजिस्टर घेऊन."

आनंदराव आले, पण कसे आले म्हणता. लाल फडक्यातलं रजिस्टर छातीशी धरून, चप्पल काढताना भिंतीला टेकून. खोलीत सत्यवती बसलेली पाहून दारातच थबकले. "यमुताई, या बाईले काहून बसवलं इथं? नॉमिनीचं नाव वारसापुढे वाचता येत नाही."

"पोरांची सालं तिच्याशिवाय कोण सांगणार?" कृष्णकांत म्हणाला. "खाली तिचा अंगठा किंवा सही लागते."

"सही करता येते मले," सत्यवती म्हणाली. "सातवी शिकली हो मी. मराठी."

यमुताई भरू लागल्या. मारोती शामराव धकाते. सत्यवती मारोती धकाते, पत्नी. मग तिन्ही लेकरं. सालं तिनं धडाधडा सांगितली. नॉमिनीच्या ओळीपाशी आल्यावर आनंदरावांनी रजिस्टर मांडीवर उघडलं, वर तळहाताचा आडोसा केला आणि ते नाव, गावा-नात्यासकट, स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर शोधत, डब्यात घातलं. तोंडातून शब्द काढला नाही. इंग्रजी असल्यामुळे सत्यवतीला वाचता येणार नव्हतं, ही त्यांची आणखी सोय.

यमुताईंनी बटण दाबलं. डब्यानं पीं केलं.

"काय म्हणतो तो?"

कृष्णकांत वाकून म्हणाला, "म्हणतो, नॉमिनी या घरात सापडत नाही. खाली जे नाव घालाल ते वरच्या ओळींत कुठेतरी असायला पाहिजे. असा माणूस वर नाहीच."

"मी काय सांगून राहिलो सात महिन्यांपासून?" आनंदराव म्हणाले. "घरातली नाहीच ते. मशीनलेबी समजलं."

सत्यवतीनं पदर तोंडाशी नेला. यमुताई मात्र काचेकडे बघत होत्या. आजवर या घराची एक ओळ या खोलीत होती आणि एक त्या खोलीत, मध्ये वीतभर जाडीची भिंत. दोन्ही ओळी एकमेकींखाली कोणीही, कधीही पाहिल्या नव्हत्या. आनंदरावांनी पाहिल्या त्या ताडून बघायला, वाचायला नव्हे. आता त्या एका काचेवर होत्या. यमुताईंनी ऑफिसातला सव्वीस वर्षांचा शिरस्ता मोडला आणि मोठ्यानं वाचलं.

"रंभा डोमाजी सोरते. मुक्काम उमरेड. नातं, पत्नी."

"यमुताई!" आनंदराव उठून उभे राहिले.

सत्यवतीनं तोंडावरचा पदर काढला. मग तिनं विचारलं, "परत वाचा जी."

यमुताईंनी परत वाचलं.

"डोमाजी सोरते माहे बाबा होते," सत्यवती म्हणाली. "उमरेडले लुगडी विणत." तिनं काचेवरच्या त्या ओळीकडे पाहिलं. "रंभा मीच हाव, ताई. लग्नाआंधी. लग्नात त्यायनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं, सत्यवती. तवापासून मले रंभा म्हणणारं कोणी राहिलं नाही."

आनंदराव हळूच खाली बसले.

ताटातले तांदूळ! अहो, हे यमुताईंना कोणी सांगायला पाहिजे होतं का? त्या स्वतः सोळा वर्षांच्या होईपर्यंत प्रेमलता होत्या. तांदळावर 'यमुना' उमटलं आणि प्रेमलता संपली. माहेरचं एखादं जुनं पत्र आलं तर पोस्टमनला सांगावं लागायचं, हो, ही पण मीच. या मिलमधल्या निम्म्या बायका दोन दोन नावांच्या असणार. आणि त्या सगळ्या बायकांची रजिस्टरं सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यात सात महिन्यांत एकदाही आलं नाही की नावं दोन असली तरी बाई एक असेल.

"इकडे द्या ते," त्यांनी आनंदरावांच्या मांडीवरचं रजिस्टर ओढून घेतलं. आनंदरावांनी धरून ठेवलं नाही.

ओळ सापडली. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही, कारण ते त्यांचंच होतं. एकोणसत्तर साली ऑफिस लहान होतं, तिन्ही रजिस्टरं एकाच टेबलावर होती आणि खिडकीवर बसून त्याच सगळं लिहायच्या. मारोतीचा चेहरा त्यांना काही केल्या आठवेना. पण काय झालं असेल ते त्यांना लख्ख दिसलं. पोरगा नवीन लागलेला, लग्न ठरलेलं. नॉमिनी कोण विचारल्यावर आईबापाचं नाव सांगायचं सोडून त्यानं ठरलेल्या मुलीचं सांगितलं असणार. आणि नात्याच्या रकान्यात 'नियोजित वधू' असं लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून पुन्हा त्याला खेटा नको अशा भल्या बुद्धीनं यमुताईंनी लिहून टाकलं असणार, पत्नी. पुढे लग्न झालं, तो नवं नाव सांगायला आला, ते कुटुंबाच्या रजिस्टरात चढलं, आणि नॉमिनीचं रजिस्टर तोवर दुसऱ्या खोलीत गेलं होतं.

"लग्न कधीचं तुझं?"

"वैशाखातलं. एकोणसत्तरचं."

"यावर सत्तावीस मार्च आहे." यमुताईंनी तारखेवर बोट ठेवलं. "चैत्र. तू त्याच्या घरी येण्याच्या महिनाभर आधी त्यानं तुझं नाव इथं घातलंय. त्याच्या पश्चात त्याची जागा तुला, म्हणून."

सत्यवती रजिस्टराकडे वाकली. हे अक्षर मराठी होतं. तिनं बोट ठेवून आपलं नाव वाचलं, मग तारीख वाचली, मग पुन्हा नाव वाचलं.

"हे नीट कसं करायचं?" यमुताईंनी कृष्णकांताला विचारलं. "खाली सत्यवती लिहू?"

"नाव लिहूच नका," तो म्हणाला. "नाव दोनदा लिहिलं की दोन माणसं होतात. नॉमिनी म्हणजे वर बायकोपोरांच्या ओळींतला कितवा माणूस, एवढाच आकडा घाला. ती एक नंबरच्या ओळीत आहे ना? एक घाला."

इतकं साधं! ज्या माणसाला एकदा लिहिलं त्याला पुन्हा लिहायचंच नाही, फक्त त्याच्याकडे बोट दाखवायचं.

"पण कागद पाह्यजे," आनंदराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजात जोर नव्हता. "रजिस्टरात खोडायचं म्हणजे चूक कोणाची ते लिहून द्यावं लागते. ताई, तुमची दोन वर्षं राहिली रिटायर व्हायले. सर्व्हिस बुकात लाल शेरा येईन. काहून पडता यात? वादच राहू द्या म्हणा, पुढच्या वर्षी पाहू."

यमुताईंनी कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं : लग्नापूर्वी 'पत्नी' असे नाते मी लिहिले, लग्नानंतर नाव बदलल्याची नोंद मी पुढे पाठवली नाही, रंभा व सत्यवती ही एकच व्यक्ती आहे, चूक माझी. खाली सही केली. कंसात, कोणी न सांगता, माहेरचं नावही घातलं. आनंदरावांनी कागद वाचला, दोनदा वाचला, आणि खिशातलं पेन काढून साक्षीदार म्हणून स्वतःची सही ठोकली.

नॉमिनीच्या ओळीत यमुताईंनी 'एक' घातला. मग सत्यवतीचा हात धरून तो बटणावर नेला. "तूच दाब."

"काई बिघडन तर?"

"बिघडलं तर कोणालाच घेणार नाही. घेतलं तर सगळ्यांना घेईल."

सत्यवतीनं डोळे मिटून बटण दाबलं. डबा कुरकुरला. मारोतीपुढे नंबर उमटला, तोच नंबर तिच्यापुढे, आणि तोच खाली उतरत तिन्ही लेकरांपुढे. पाच जण, एका दमात. यमुताईंनी आजवर शेकडो घरं लिहिली होती, पण घर जुळताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"झालं?" सत्यवतीनं विचारलं.

"झालं. उद्याच्या यादीत तुझं नाव जाईल. सोमवारी वाइंडिंगला यायचं."

"म्हंजे दुसरी कोणी नाही?"

"कोणी नाही गं. कधीच नव्हती."

सत्यवती उठली. दाराशी जाऊन तिनं घाईघाईनं चपला पायात सरकवल्या, एक उलटीच गेली.

"अगं थांब, ऑफिसचं पत्र घेऊन जा. अर्ध्या तासात टाइप होईल."

"पत्राचं सोमवारी पाहू, ताई. मले आता घरी जाऊ द्या." ती चप्पल सरळ करायला वाकली आणि तशीच वाकून बोलली. "त्यायचा फोटो मी दिवाळीपासून भिताडाकडे तोंड करून ठेवला हाये."